दुपारनंतर कर्सर सरकतो : आयगेझचं कॅलिब्रेशन पुन्हापुन्हा बिघडत असेल तर

आयगेझ म्हणजे हात चालत नसलेल्या माणसाला नुसत्या नजरेनं संगणक चालवू देणारी सोय : स्क्रीनखाली लावलेला ट्रॅकर डोळे टिपतो आणि नजर जाईल तिकडे कर्सर नेतो. त्याबद्दलची तक्रार घरोघरी जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. "सकाळी मस्त चालतं हो. दुपारनंतर हे बघतात एकीकडे आणि कर्सर जातो भलतीकडे." मग घरातलं कुणीतरी कॅलिब्रेशन करतं, म्हणजे पेशंटला स्क्रीनवरचे ठिपके एकेक करून बघायला लावून नजर पुन्हा जुळवतं; तासभर बरं जातं, परत तेच. दिवसातून चार-पाच वेळा ते ठिपके बघून पेशंट वैतागतो, आणि एक दिवस ठिपके दिसले की सरळ डोळे मिटून घेतो. घरच्यांना वाटतं मशीन खराब आहे. डीलर म्हणतो सॉफ्टवेअर अपडेट करा.

मी पुण्यात आणि आसपास आयगेझ बसवून देण्याचं काम करतो. एएलएसचे (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) पेशंट, सेरेब्रल पाल्सीची मुलं, एसएमए (स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार), रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा आजार), मानेत मणक्याला मार लागलेले. यांच्याकडे यंत्रच बिघडलंय असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा पेशंट खाली घसरलेला असतो, खिडकीतून ऊन आत आलेलं असतं, नाहीतर डोळे कोरडे पडलेले असतात. म्हणून कर्सर सरकला की लगेच कॅलिब्रेशनला हात घालू नका. वाकड्या बसलेल्या माणसाचं कॅलिब्रेशन केलं तर यंत्र ती वाकडी बैठकच खरी धरून चालतं. नंतर मावशींनी उशी नीट केली की सगळं पुन्हा चुकणार, आणि आता तर खरं कारणही झाकलं गेलेलं असणार.

ट्रॅकरला काय दिसतं

स्क्रीनखाली लावलेल्या पट्टीत इन्फ्रारेड दिवे असतात, साधारण ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, त्यांची बारीक चमक उमटते. कॅमेरा दोन गोष्टी शोधत असतो : बाहुलीचा मध्य आणि ही चमक. नजर फिरली की बाहुली सरकते, चमक मात्र जवळपास जागच्या जागी राहते. त्या दोन्हींमधलं अंतर आणि दिशा यावरून नजर स्क्रीनवर कुठे पडतेय याचा हिशेब होतो. प्रत्येकाच्या डोळ्याची गोलाई वेगळी, म्हणून हा हिशेब एकदा त्या माणसापुरता जुळवून घ्यावा लागतो. कॅलिब्रेशन ते एवढंच.

त्यामुळे तीन गोष्टी टिकल्या पाहिजेत : बाहुली पूर्ण दिसायला हवी, चमक स्वच्छ आणि खऱ्या दिव्याचीच असायला हवी, आणि डोकं कॅमेऱ्याच्या टापूत असायला हवं. टोबी या कंपनीच्या आय ट्रॅकर ५ ला ४५ ते ९५ सेंटिमीटर एवढं अंतर चालतं. माझ्या अनुभवात ६० ते ६५ वर सगळ्यात कमी कटकट होते.

जवळपास प्रत्येक ट्रॅकरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चौकट असते, तीत पेशंटचे दोन डोळे दोन ठिपके होऊन दिसतात. कर्सर बिघडला की पहिल्यांदा ती उघडा. दोन्ही ठिपके चौकटीच्या मधोमध आहेत? स्थिर आहेत? की एक लुकलुकतोय? निम्म्याहून जास्त घरांत ही चौकट बसवायच्या दिवशी उघडलेली असते, त्यानंतर कधीच नाही.

चुका पुसू नका, वाचा

पेशंट काहीतरी लिहितो, चुकतं, घरचे घाईघाईनं पुसून टाकतात. पुसू नका. त्या चुकीत दिशा लिहिलेली असते.

इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर एका मुलीनं वडिलांना हाक मारायला "बाबा" लिहिलं आणि स्क्रीनवर उमटलं "हीही". घरात सगळे हसले, मुलगी रडायला लागली. आता कीबोर्ड बघा : ब च्या उजवीकडे ह आहे, काना जिथे आहे त्याच्या उजवीकडे दीर्घ वेलांटी. चारही वेळा नजर बरोबर एक घर उजवीकडे पडली होती. मुलीला नीट दिसत होतं, तिला नीट लिहिताही येत होतं, फक्त सगळा हिशेब एका बाजूला सरकला होता. "क्या" लिहिताना "किया" येत असेल तर निदान त्या एका घरावर नजर उजवीकडे पडलीय, कारण हलन्ताच्या (पाय मोडायच्या खुणेच्या) उजव्या शेजारी ऱ्हस्व वेलांटी बसलेली आहे. "तो" लिहिताना "दौ" येत असेल तर नजर एक ओळ वर धरली जातेय.

चूक सगळीकडे सारखी, एकाच दिशेला असेल, तर डोकं किंवा स्क्रीन हललीय. मधे बरोबर आणि कोपऱ्यांत चूक असेल तर अंतर बदललंय, नाहीतर ट्रॅकरची पट्टी स्क्रीनच्या मध्यावरून सरकलीय. चुकीला दिशाच नाही, कर्सर माशीसारखा इकडेतिकडे उडतोय, तर उजेड, चष्मा किंवा डोळ्यातलं पाणी. आणि फक्त खालच्या ओळींवर अडत असेल तर पापणी : खाली बघताना ती निम्मी बाहुली झाकते.

मराठीत हा त्रास इंग्रजीपेक्षा लवकर जाणवतो, त्याचं कारण साधं गणिताचं आहे. ६५ सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे स्क्रीनवर साधारण ११ मिलिमीटर. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर. इंग्रजी अक्षरांची वरची ओळ दहा घरांची, म्हणजे एक घर साडेतीन सेंटिमीटरचं. इनस्क्रिप्टची वरची ओळ तेरा घरांची, म्हणजे घर २.६ सेंटिमीटरचं. मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १३ मिलिमीटर. दीड अंशाची चूक म्हणजे १७ मिलिमीटर. इंग्रजीत ती घराच्या कडेवर कशीबशी निभावते, मराठीत सरळ शेजारच्या घरात पडते. म्हणून "इंग्रजी जमतं, मराठी जमत नाही" असं कुणी म्हणालं की मी भाषेचा नाही, घराच्या मापाचा विचार करतो. कीबोर्ड पूर्ण स्क्रीनभर करा, क्वचित लागणारी अक्षरं दुसऱ्या पानावर टाका, शब्द सुचवणारी पट्टी चालू ठेवा. २१ किंवा २४ इंची मॉनिटर लावला तर घरं मोठी होतात, पण मग अंतर आणि ट्रॅकरला चालणारं स्क्रीनचं माप दोन्ही आधी तपासायला हवं.

पेशंट घसरलाय

सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, म्हणून यावर जरा सविस्तर.

फाउलर बेडची (पाठ आणि गुडघ्यांकडचा भाग हँडलनं उचलता येणाऱ्या हॉस्पिटलच्या पलंगाची) पाठ उचलली की माणूस हळूहळू पायाकडे सरकतो. मानेत ताकद नसेल तर डोकं एका खांद्याकडे कलतं. सकाळी अंघोळ-पुसणं झाल्यावर दोघांनी धरून नीट बसवलेलं असतं; दुपारपर्यंत डोळ्यांची पातळी चांगली चार बोटं खाली गेलेली असते. रोज तोच माणूस समोर असल्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. ट्रॅकरच्या येतं.

पाठ उचलण्याआधी पायाकडचा हँडल फिरवून गुडघ्यांखालचा भाग उचला, मग पाठ. घसरणं बरंच कमी होतं, आणि पाठीची कातडी ओढली जात नाही हा आणखी एक फायदा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घट्ट गुंडाळ्या द्या. मऊ उशी नको, ती तासाभरात दबते. डोकं कलतंच असेल आणि सरळ ठेवणं त्रासाचं होत असेल तर माणसाला सरळ करण्याचा हट्ट सोडा, स्क्रीन तेवढी कलती करा. दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेघ आणि स्क्रीनची वरची कड एकमेकींना समांतर असल्या म्हणजे झालं.

तीच गोष्ट मागेपुढे कलण्याची. पेशंट मागे रेललेला आणि लॅपटॉप पलंगावरच्या जेवणाच्या टेबलावर ताठ उभा, हे दृश्य मी सतत बघतो. ट्रॅकर मग हनुवटीखालून, नाकपुड्यांकडून वर बघत असतो. स्क्रीन चेहऱ्याला समांतर हवी. मागे रेललेल्या माणसासाठी ती पुढे झुकलेली, अंगावर आल्यासारखी दिसेल, तशीच हवी. त्यासाठी आर्म किंवा स्टँड लागतो. जेवणाच्या टेबलावर हे होत नाही, कितीही पुस्तकं खाली घातली तरी.

जागा एकदा जमली की ती बांधून टाका. स्टँडच्या चाकांभोवती फरशीवर रंगीत चिकटपट्टी. आर्मच्या सांध्यांवर मार्करची रेघ. स्क्रीनच्या कडेला एक सुतळी बांधा आणि ६० सेंटिमीटरवर गाठ मारा. सुतळी ताणली की गाठ भुवईशी यायला हवी. बदलीवर आलेल्या नव्या मावशींना सेंटिमीटर सांगून उपयोग नसतो, गाठ लगेच कळते.

एका घरी बरोबर साडेचारनंतर बिघाड व्हायचा. लॅपटॉप बदलून झाला होता, ट्रॅकर दुरुस्तीला जाऊन "काही दोष नाही" असा परत आला होता. मी त्यांना एका वहीत फक्त वेळ आणि त्याआधी काय झालं एवढं लिहायला सांगितलं. वहीनंच सांगितलं : चार वाजता पेगमधून, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून, फीड. फीड देताना पाठ वर घ्यायची, नंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची, मग "साधारण होती तशी" खाली. त्या साधारणमध्येच सगळी गोम होती. पलंगाच्या लोखंडी पट्टीवर जिथं सकाळचा कोन येतो तिथं नेलपॉलिशची खूण केली. पाठ खुणेवर आणायची, मग ठिपक्यांची चौकट बघायची, मगच लिहायला बसायचं. यंत्राला कुणी हातही लावला नाही.

उजेड

सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतं. चेहऱ्यावर ऊन पडलं की ट्रॅकरच्या दिव्यांची चमक त्यात हरवते. पश्चिमेची खिडकी असेल तर "दुपारनंतर" या तक्रारीचं उत्तर तिथेच असू शकतं. पातळ पडदा उजेड कमी करतो पण पुरेसा नाही. जाड पडदा लावा, नाहीतर पलंगाची दिशाच फिरवा. पेशंटच्या पाठीमागे उघडी खिडकी असणंही वाईट. ट्यूबलाइट आणि एलईडीचा त्रास सहसा नसतो. जुना पिवळा बल्ब, हॅलोजन आणि फिजिओवाले शेकायला आणतात तो लाल दिवा, हे तिन्ही त्रासाचे. शेक चालू असताना आयगेझ बंद, एवढा नियम पुरे.

चमकणाऱ्या वस्तूही बघा. पेशंटच्या मागे कपाटाचा आरसा, शेजारी स्टीलचा सलाइन स्टँड, टेबलावर स्टीलचं भांडं. ट्रॅकरला यातली एखादी चमक डोळ्याची वाटू शकते. आरशावर चादर टाकून बघा, फरक पडला तर कारण सापडलं.

बिघाड फक्त रात्री होत असेल तर छताकडे बघा. आजकाल पेशंटच्या खोलीत घरचे कॅमेरा लावतात, कामावरून मोबाईलवर बघता यावं म्हणून. अंधार झाला की त्या कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तेही बहुधा त्याच ८५० च्या आसपासचे. आपल्या डोळ्यांना फार तर फिकट लाल ठिपके दिसतील, ट्रॅकरला मात्र समोर टॉर्च धरल्यासारखं होतं. कॅमेऱ्याचं नाइट व्हिजन बंद करा आणि खोलीत मंद एलईडी दिवा ठेवा. खात्री करायची तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्याच्याकडे धरा. बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड जांभळट-पांढरं दिसतं. ट्रॅकरचे दिवे चालू आहेत का, हेही असंच तपासता येतं.

डोळे, चष्मा, काजळ, थेंब

लहान मुलांच्या बाबतीत मी आधी काजळ बघतो. आजीनं दृष्ट लागू नये म्हणून भरलेलं असतं, आणि ट्रॅकर काळ्या बाहुलीच्या शोधात त्या काळ्या रेघेला जाऊन चिकटतो. आजीला दुखवायची गरज नाही, तीट कानामागे लावली तरी चालते.

चष्मा असेल तर आधी पुसा. मग डोकं सरळ असताना काचेवर ट्रॅकरच्या दिव्यांचं प्रतिबिंब नेमकं बाहुलीसमोर येतंय का बघा. येत असेल तर ट्रॅकर किंचित खाली घ्या, नाहीतर चष्म्याची काडी कानावर जराशी वर उचलून काचेचा कोन बदला. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह काचा कटकटीच्या, कारण नजर वरखाली झाली की वेगळ्या नंबरातून जाते. ६० सेंटिमीटरसाठी एकाच नंबराचा साधा चष्मा करून घेणं हा सरळ उपाय.

बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा) मास्क नाकावर चढलेला असतो, त्याची वरची कड खालच्या नजरेच्या आड येते. मास्कची हवा वरच्या बाजूनं गळत असेल तर ती थेट डोळ्यांत जाते आणि डोळे कोरडे पडतात. कोरड्या डोळ्यावर चमक पसरट, तुटक दिसते, कर्सर थरथरतो. आधी मास्कची गळती थांबवा. डोळ्यांचे पाण्यासारखे थेंब घातले तर काही मिनिटं थांबा. जेल किंवा मलम रात्रीसाठी ठेवा, ते घातल्यावर बराच वेळ ट्रॅकिंग नीट होत नाही.

एक कमी लक्षात येणारी गोष्ट. लाळ कमी व्हावी म्हणून काही पेशंटना अॅट्रोपिनचे थेंब जिभेखाली देतात. तेच बोट चुकून डोळ्याला लागलं तर ती बाहुली मोठी होऊन बसते आणि बराच काळ तशीच राहते. एका डोळ्याचा ठिपका अचानक वेडावाकडा वागू लागला आणि दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर थेंब कुणी, कसे घातले ते विचारा. तसं काही घडलेलं नसताना बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील तर आयगेझ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

डोळे तिरळे असतील, किंवा एक पापणी पडत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा आग्रह नको. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकाच डोळ्यावर ट्रॅकिंग ठेवता येतं. चांगला डोळा निवडा, फरक तिथल्या तिथे दिसतो.

लाइट गेली की

हे खास आपल्याकडचं. लाइट जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते. स्क्रीन मंद झाली की बाहुली मोठी होते. कॅलिब्रेशन झालं होतं लख्ख स्क्रीनवर, लहान बाहुलीचं. थोडीशी चूक इथूनच शिरते. वर बॅटरी वाचवायला विंडोज यूएसबीचा वीजपुरवठा आखडतं, की ट्रॅकर मधूनमधून डुलकी घेतो. लाइट परत येते, पण घरचे तोवर कॅलिब्रेशन करून बसलेले असतात, मंद स्क्रीनचं.

स्क्रीनचा उजेड बॅटरीवर आणि चार्जरवर सारखाच ठेवा. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. ते तिथे दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पॉवर मॅनेजमेंटखालची टिक काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे सगळं परत तपासा. ट्रॅकर थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्येच लावा, हब किंवा लांब एक्स्टेन्शन केबल नको. शक्य असेल तर लॅपटॉपचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, पंख्याआधी तो.

टीव्हीला एचडीएमआय जोडली असेल तर तीही काढून बघा. दुसरी स्क्रीन मुख्य ठरली की नजरेचा हिशेब चुकीच्या स्क्रीनवर होतो. सॉफ्टवेअर कोणतंही असो, २०१७ पासून विंडोज १० मध्ये आलेलं आय कंट्रोल, फुकट मिळणारं ऑप्टिकी किंवा ट्रॅकरबरोबर आलेलं, या भागातल्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू.

आता कॅलिब्रेशन

बैठक, उजेड, डोळे, वीज हे सगळं बघून झालं आणि तरीही चूक उरली, तर कॅलिब्रेशन करा. सकाळी नको, ज्या वेळी पेशंट सगळ्यात जास्त लिहितो त्या वेळी, त्याच उजेडात, त्याच कोनात. पलंगावरचं वेगळं, खुर्चीवरचं वेगळं, अशी दोन प्रोफाइल करून नावं देऊन ठेवा. एकाच प्रोफाइलवर दोन्हीकडे काम भागवायला गेलं की दोन्हीकडे अर्धवट होतं.

नऊ ठिपके झेपत नसतील तर पाच करा, दोन करा. कमी ठिपक्यांचं पण नीट बघून केलेलं कॅलिब्रेशन, थकून उरकलेल्या नऊ ठिपक्यांपेक्षा बरं. मुलांसाठी ठिपक्याच्या जागी चित्र किंवा आवाज असलेलं लक्ष्य ठेवा. त्या वेळी मागे उभं राहून "इकडे बघ, इकडे बघ" म्हणणाऱ्या सगळ्यांना खोलीबाहेर पाठवा, मूल बोलणाऱ्याकडे बघतं.

कर्सरचा बाण दिसत असेल तर तो लपवा, फक्त निवडलेलं घर उजळू दे. बाण थोडा बाजूला दिसला की डोळा नकळत त्याच्याकडे जातो, बाण आणखी सरकतो, आणि माणूस स्वतःच्याच नजरेचा पाठलाग करत बसतो. कित्येकदा तक्रार असते "खूप सरकतं", आणि बाण लपवल्यावर तीच चूक जेमतेम जाणवण्याइतकी उरते.

नजर किती वेळ रोखली की क्लिक व्हावं, तो ड्वेलचा वेळ वाढवून सरकणं बरं होत नाही, हेही सांगून ठेवतो. घरचे तो दीड-दोन सेकंदांवर नेतात. चुकीच्या घरावर जास्त वेळ बघून चुकीचंच अक्षर उमटतं, शिवाय न मिटता टक लावून डोळे आणखी कोरडे. ज्याला बघितलेलं सगळंच क्लिक होतं त्याच्यासाठी वेळ वाढवा, आणि बरोबर चालू असलेल्यासाठी हळूहळू कमी करा. विश्रांतीसाठी स्क्रीनवर एक "थांब" असं घर ठेवा, जे निवडलं की बाकी काही क्लिक होत नाही. हे घर नसेल तर पेशंटला स्क्रीनकडे नुसतं बघण्याचीही सोय राहत नाही.

आयफोन-आयपॅडवर आयओएस १८ पासून नजरेनं चालवायची सोय आली आहे. ती साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालते, त्यामुळे वरचं उजेडाचं प्रकरण तिथे बरंचसं उलटं : चेहऱ्यावर भरपूर, सारखा उजेड हवा. यंत्र दीडेक फुटांवर स्टँडवर घट्ट पाहिजे, हातात धरलेलं चालत नाही. अक्षर-अक्षर लिहायला मी ती सुचवत नाही. मोठ्या बटणांसाठी, गाणी लावायला, फोन उचलायला ठीक.

तरीही बसत नसेल

काही डोळ्यांना आयगेझ मानवतच नाही, आणि ते लवकर कळलेलं बरं. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्यासाठी नजरेच्या ट्रॅकिंगचा प्रयत्न झाला होता, पण पडणाऱ्या पापण्यांमुळे ते जमलं नाही; ते गालाच्या हालचालीवर चालणारा सेन्सरच वापरत राहिले. त्यांच्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर इंटेलनं २०१५ मध्ये अॅकॅट या नावानं सगळ्यांना मोकळं केलं. मेंदूच्या देठात स्ट्रोक होऊन लॉक्ड-इन झालेल्या (शुद्ध पूर्ण, पण डोळ्यांखेरीज जवळजवळ काहीच हलत नाही अशा) पेशंटचे डोळे बहुतेकदा फक्त वरखाली हलतात, आडवे हलत नाहीत. त्यांच्यापुढे आडवा कीबोर्ड ठेवून कॅलिब्रेशनच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. पर्याय एकाखाली एक, मोठे, तीन-चारच ठेवा, किंवा पापणीच्या उघडझापीवर चालणारा स्विच घ्या.

आणि यंत्र चालो न चालो, भिंतीवर एक कागद असू दे. आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची आहे. डावीकडे उभे क, च, ट, त, प, पुढे प्रत्येकाची पाच-पाच अक्षरं, खाली य ते ळ, शेजारी स्वर. तुम्ही वर्ग म्हणत जायचं, हव्या त्या वर्गाला पेशंट वर बघणार. मग त्या वर्गातली अक्षरं म्हणायची. काना-मात्रा पहिले काही दिवस सोडून द्या. "प" आणि "ण" एवढ्यावर पाणी की पण ते घरच्यांना कळतं. सक्शन (घशातला कफ ओढून काढणं) हवंय, कूस बदलायचीय, मास्क टोचतोय, अशा रोजच्या दहा-बारा गोष्टी वर मोठ्या अक्षरांत लिहा. ट्रॅकर दुरुस्तीला गेला त्या आठवड्यात माणूस गप्प पडून राहता कामा नये.

माझ्यासारख्या कुणाला फोन करायची वेळ आलीच, तर चूक झालेली स्क्रीन न पुसता तिचा फोटो, ठिपक्यांच्या चौकटीचा फोटो, आणि पेशंटचा बाजूनं काढलेला फोटो, ज्यात पलंगाचा कोन, स्क्रीन आणि खिडकी तिन्ही दिसतील, एवढं आधी पाठवा. वेळ कोणती आणि त्याआधी तासभरात काय काय झालं तेही लिहा : फीड, अंघोळ, थेंब, लाइट जाणं, मावशींची पाळी बदलणं. बऱ्याचदा फोटो बघूनच उत्तर देता येतं आणि मला यावं लागत नाही.